तुझ्या दगडावरचे ओरखडे

अंबू, तुला गाय म्हणाले गं ते. तुझ्याच शोकसभेत, माझ्यासमोर.

शाळेच्या कमिटीचे रावबहादूर उठले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "अंबाबाई म्हणजे साक्षात गाय होत्या. शांत, सोशिक. उभ्या जन्मात कुणाला उलटून बोलल्या नाहीत." पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी तुझ्या फोटोकडं बघत होते. तुझा एकटीचा फोटो आपल्या घरात नाहीच. शाळेच्या घोळक्यातून तुला कापून काढलंय आणि चौकटीत बसवलंय, तुझ्या खुर्चीच्या पाठीवर कुण्या पोरीची बोटं तशीच राहिलीत. मला वाटलं, आता ही चौकटीतून उतरणार आणि विचारणार, "काय हो, गाय कुणाला म्हणता? माझी शिंगं कधी बघितली नाहीत का?"

नाही उतरलीस. म्हणून मी बोलते.

आपल्या म्हैसूरच्या मराठी मंडळाच्या मासिकवाल्यांनी सांगितलं होतं, "अज्जी, तुमच्या नणंदबाईंवर चार ओळी द्या. जन्म, लग्न, शिक्षण, नोकरी, असं क्रमानं लिहा." ते मी लिहायची नाही. ते ज्याला पाहिजे त्यानं शाळेतून विचारून आणावं. मी वाण्याच्या पुड्यांवरची अक्षरं लावत लावत शिकलेली बाई, क्रम बिम मला जमत नाही. आणि तुझ्याशी बोलायला क्रम कशाला? आयुष्यभर आपण दोघी मधूनच सुरू व्हायचो आणि मधेच थांबायचो, ते पण चुलीवर दूध उतू गेलं म्हणून.

रावबहादूरांचं पुढचं ऐक. गाय एक वेळ सोडून दिली असती. ते म्हणाले, "शाळेच्या दारात होंगेच्या झाडाखाली एक दगड आहे. अंबाबाई त्या दगडावर बसून मुलींची वाट बघत असत. त्यांच्या स्मरणार्थ तोच दगड आपण घेणार आहोत. बिचारा फार खराब झालाय, ओरखडेच ओरखडे. कल्लुकुटिगाकडं, पाथरवटाकडं, पाठवलाय. गुळगुळीत करून त्यावर बाईंचं नाव कोरायचं आणि शाळेच्या भिंतीत बसवायचा."

टाळ्या वाजल्या गं. तुझे ओरखडे पुसणार म्हणून टाळ्या.

मी उभी राहिले. म्हणाले, "अहो, ती त्या दगडावर कधीच बसली नाही! कुणी बसायला लागलं तर ओरडायची. ते ओरखडे खराबी नव्हेत. ते तिनं केलेत!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले, जशी काही म्हातारी भ्रमात बोलते. रावबहादूरांनी हात जोडले. "बिडी, राहू द्या अम्मा, दुःखात आहात. बसा." कुणीतरी पाण्याचा लोटा पुढं केला. मला बसवलं. नंतर दगड बसवायचं ठरलं म्हणून साखर वाटली.

घरी येऊन मी भांडी आपटली. तेरावा झाला होता, घरात माणूस नाही, कुणावर आपटणार? भांड्यांवरच.

अंबू, हा दगड काय आहे ते आता मलाच सांगायला लागतंय, आणि मी ते तुझ्याइतकं नीट सांगू शकत नाही, हाही राग आहेच. तुला ते इंग्रजी भूगोलाचं पुस्तक बक्षीस मिळालं होतं, त्यात एक चित्र होतं. डोंगराच्या घळीत बर्फ भरलेला, आणि खाली उघड्या खडकावर रेघाच रेघा, वाघानं पंजा ओढल्यासारख्या. तू ते चित्र घेऊन चुलीपाशी आलीस. "वैनी, हे बर्फानं केलंय."

"जा गं," मी म्हणाले. "बर्फ दगडाला कापतो होय? सोडावाल्या हुसेनसाबाच्या दुकानात बर्फ बघितलाय मी. हातात धरला की पाणी."

"तेच तर," तू म्हणालीस. आणि तिथून सुरू झालं.

मंडी मोहल्ल्यात हुसेनसाबाकडं बेंगळूरहून रेल्वेनं बर्फ यायचा, पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. साहेब लोकांच्या पेल्यांसाठी. तू, पागेतल्या बारगिरांच्या घरची लेक, कपाळ मोकळं, पांढरं लुगडं, भर बाजारात त्याच्या दुकानापुढं उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बर्फ पाहिजे." तो म्हणाला, "कोणी आजारी आहे का, अम्मा?" तू म्हणालीस, "नाही. दगड कापायचाय." तो हसला, पण द्यायला नाही म्हणाला नाही. पुढं तर तूच त्याला विचारायचीस, "साब, आजचा बर्फ कसा?" आणि तो म्हणायचा, "आज दगडाला ताप आणेल, अम्मा."

पहिल्यांदा आपल्या परसात केलंस. विहिरीजवळचा काळा दगड घेतलास, त्यावर बर्फाची लादी ठेवलीस, वर माझा वरवंटा ठेवलास आणि ढकललीस. पुन्हा ढकललीस. दगड ओला झाला, बास. एक रेघ नाही. मी ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मी म्हणाले, "धुतला गेला बघ छान. आता रांगोळी काढते." तू माझ्याकडं असं बघितलंस की माझी शेंग तशीच हातात राहिली.

मग तुझं तुलाच सुचलं. चित्राखाली लिहिलं होतं म्हणे, बर्फ एकटा काही करत नाही. वाटेतले खडे, वाळू, गोटे तो पोटाखाली गोठवून घेतो आणि त्यांच्यावर आपलं सगळं वजन टाकून सरकतो. कापतात ते खडे. बर्फ त्यांना धरून ठेवतो आणि दाबतो. तू माझा पोहे ठेवायचा पत्र्याचा चौकोनी डबा पळवलास. तळाला वाळू आणि बारीक खडे पसरलेस, वर पाणी. हुसेनसाबाचा बर्फ फोडून त्यात मीठ कालवलंस आणि डबा त्यात पुरलास. किती मीठ संपवलंस त्या दिवशी! लोणच्याचं मीठ होतं गं ते. दुपारपर्यंत डब्यातलं पाणी घट्ट. उलटा करून काढलास तर खाली सगळी वाळू, खरखरीत, बैलाच्या जिभेसारखी.

आणि दगड बदललास. "काळ्या दगडाला डोंगर पाहिजे," म्हणालीस. "डोंगराकडं वेळ आहे, माझ्याकडं शाळेची एक घंटा आहे. दगड मऊ पाहिजे." म्हणून बळपाचा दगड आणवलास. ज्याच्या कांड्यांनी पोरी पाटीवर लिहितात तोच, पण ही सबंध फरशी, पाटाएवढी, नखानं कोरली जाईल इतकी मऊ. एक बाजू विटेवर उचलून उतार केलास. आधी नुसता बर्फ ओढलास: काही नाही. मग वाळूचा.

खर्रर्र असा आवाज आला. माझे दात शिवशिवले.

बर्फ खाली आला आणि मागं रेघा. सगळ्या एका दिशेनं, सरळ, फणी फिरवल्यासारख्या. आणि खालून पाणी वाहायला लागलं ते दुधासारखं पांढरं. मी हातातलं सगळं टाकून आले. बोट बुडवलं. "हे काय गं?"

"दगडाचं पीठ," तू म्हणालीस. "बर्फाचं जातं आहे, वैनी." आणि रडायला लागलीस. मी विचारलं, का गं रडतेस? तर मलाच ओरडलीस, "रडत नाही, बर्फाचं पाणी उडालं!"

ही तुझी गाय.

शाळेत केलंस तेव्हाची गंमत तर रावबहादूरांना सांगायला पाहिजे होती. पोरींना म्हणालीस, एकेकीनं ओढायचा. पहिली पोर पुढं आली, कमला, आपल्या समोरच्या घरातली, तेव्हा परकर पोलक्यातली. तिनं बर्फावर गोणपाट धरलं आणि काय केलं? गोल गोल घासलं! पुढची आली, तिनं पण गोल. तिसरीनं तर कडेकडेनं घासून मधे जोर काढला. घराघरांत राखेनं, चिंचेनं तांब्याची भांडी घासणाऱ्या पोरी, हाताला दुसरं वळणच माहीत नाही. दगडावर सगळी चकरं. तू कपाळाला हात लावलास आणि ओरडलीस ते रस्त्यावर ऐकू गेलं, "एनम्मा, पात्रे उज्जतिद्दीया? भांडी घासतेस काय? नेर! सरळ! डोंगरावरचा बर्फ एकदा निघाला की मागं फिरत नाही!"

पोरी हसून हसून लोळल्या. आणि मग सरळ ओढायला लागल्या. पुढं कितीतरी वर्षं आपल्या मोहल्ल्यात कुणी वेडंवाकडं काही केलं की बायका म्हणायच्या, "नेर, अम्मा, नेर!" कुठून आलं ते विसरून.

आणि बर्फ काय पोरी नुसता ओढणार होत्या? उन्हाचे दिवस. चाटला. तिथंच पेटलं. कुणाची तरी अज्जी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन उभी, "त्या बर्फाचं पाणी कुणाच्या हातचं? कुठल्या नळाचं? आमची पोर बाटवलीत!" तू म्हणालीस, "अज्जी, मी दगडाला पाजत होते, पोरींना नाही." त्यावर आणखीच पेटलं. चार घरच्या पोरी शाळेत येईनात. कमिटी बसली. शाळेच्या आवारात बर्फ आणायचा नाही असं ठरलं. सोशिक बाई असती तर काय केलं असतं? बरं म्हटलं असतं.

तू दगड उचलवून दाराबाहेर ठेवलास. होंगेच्या झाडाखाली, रस्त्यावर. "आवारात नको म्हणालात ना? हे आवार नाही." म्हणून तो दगड तिथं आहे, रावबहादूर! वाट बघायला नव्हे! दरवर्षी शिवरात्र झाली, ऊन तापलं की हुसेनसाबाचा माणूस पोतं घेऊन यायचा, तू दाराबाहेर, पोरी दाराबाहेर, आणि भोवती टांगेवाले, भाजीवाल्या, पागेतून घरी निघालेले आपले लोक, सगळे उभे. शाळेत चाळीस पोरींनी बघितलं असतं ते आख्ख्या मोहल्ल्यानं बघितलं. टांगेवाला मुनियप्पा घोड्याला सांगायचा, "बघ, बर्फसुद्धा सरळ जातो. तू मेल्या वाकडा."

आणि मग तो इन्स्पेक्टर. मद्रासकडचा, पॉलिशचे बूट. दाराबाहेर घोळका बघून थांबला. बर्फ, दगड, पोरी बघितल्या आणि हसून म्हणाला, "बाई, म्हैसूरच्या मुलींनी साधं दहिवर गोठलेलं बघितलेलं नाही. त्यांना हिमनद्या कशाला? आणि तुम्ही तरी हिमालय बघितलाय का?" तू हात पुसलेस. मी तिथंच होते, डबा परत घ्यायला आले होते. तू म्हणालीस, "साहेब, समुद्रही बघितला नाही ह्यांनी. नकाशात निळा रंग मात्र तुम्हीच भरायला लावता. आणि मी हिमालय बघितला असता तर बर्फ विकत कशाला आणला असता?"

त्यानं काय शेरा मारला ते तू घरी कधी सांगितलं नाहीस. त्या वर्षी तुला वरचा वर्ग मिळाला नाही, एवढं आम्हाला कळलं. तुझे दादा म्हणाले, "जरा जीभ आवरली असतीस तर?" तू म्हणालीस, "दादा, मग बर्फात खडे कोण घालणार?" मी आत जाऊन हसले.

अंबू, हिमालयाचं मात्र आपण सगळ्यांनी तुझं वाईट केलं. तुझे दादा दर साली म्हणायचे, यंदा काशी, मग बद्री. दर साली काहीतरी निघायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, पागेत साथ. तुला कुठं नेलं तर तलकाडला, पंचलिंग दर्शनाला. बाकीच्या बायका वाळूत बुडलेली देवळं बघून शापाची गोष्ट सांगत होत्या, तू वाळू चिमटीत धरून उन्हाकडं बघत होतीस. सगळ्यांनी तीर्थ आणलं, तू पदरात वाळू बांधून आणलीस. "शापानं आली का वाऱ्यानं आली, मला काय, कडक आहे बघ किती!" बेट्टदपुरच्या डोंगरावर चढलो तेव्हाही देवळात जायच्या आधी उघड्या खडकांवर वाकून वाकून बघत होतीस. मी विचारलं, सापडलं का काही? तू म्हणालीस, "नाही. इथं बर्फ कधी नव्हताच." किती मोकळेपणी सांगितलंस! मला वाटलं होतं, एवढी चढून आली, एखादी तरी रेघ सापडली म्हणेल. खोटी रेघ तू कधी दाखवली नाहीस.

आणि पलीकडच्या घरचे सुब्बण्णा बद्रीहून आले ते आठवतं? लोक पाया पडत होते, गंगाजळ मागत होते. तू गर्दीतून पुढं झालीस आणि विचारलंस, "मामा, वरती नदीचं पाणी कुठल्या रंगाचं होतं?" ते रागावले. "पुण्य विचार, पोरी. रंग काय विचारतेस?" तू हटली नाहीस. शेवटी म्हणाले, "काय सांगू, राखाडी पांढरं. अक्की, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. स्नान करायला किळस आली आधी." तू तिथंच टाळी वाजवलीस. शेजारच्या घरात सुतक असताना! त्या रात्री जेवताना मला म्हणालीस, "वैनी, आपल्या परसातलं पाणी आणि बद्रीचं पाणी एकच." तेवढंच तुझं बद्री.

तुझ्याशी एक भांडण मात्र राहिलं. तू म्हणायचीस, डोंगरावरचा बर्फ वाहतो. घट्टच्या घट्ट, पण वाहतो, काकवीसारखा, माणसाच्या डोळ्याला कळणार नाही इतका हळू. मी म्हणायचे, सरकतो म्हण, घसरतो म्हण. वाहतो कसा? वाहतं ते पातळ. घट्ट वस्तू वाहायला लागली तर माझा पाटा उद्या हुसेनसाबाच्या दुकानात जाईल. तू चिडायचीस. डांबराचा गोळा दाखवायचीस, उन्हात ठेवलेला, पसरलेला. मी म्हणायचे, ते ऊन. तू म्हणायचीस, आणि वजन? मी म्हणायचे, साकु, पुरे गं, भात करपतोय.

शेवटच्या आजारात तुझा ताप उतरत नव्हता. मी उशाशी बसले होते. तू डोळे न उघडता म्हणालीस, "वैनी, बर्फ वाहतो." मी म्हणाले, "हो गं राणी, वाहतो."

तू डोळे उघडलेस. काय रागानं बघितलंस! "मी मरायला लागले म्हणून कबूल करतेस? पटलं नसेल तर भांड!"

मी म्हणाले, "नाही पटलं."

"हां," तू म्हणालीस, आणि कूस वळलीस. मला वाटलं झोपलीस. झोपलीस म्हणूनच मी पाणी तापवायला उठले. आल्यावर... ते जाऊ दे. पण मला सांग, ही काय रीत झाली? मला अजून पटलेलं नाही, अंबू. आता मी कुणाशी भांडू? कमलेशी? ती मला मोठी म्हणून हो हो म्हणते.

तर, तुझा दगड.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कमलेला उठवलं. ती आता तुझ्याच शाळेत मास्तरीण आहे, रावबहादूरांच्या हाताखाली, त्यामुळं तोंड बारीक करून होती. मी म्हणाले, "तू नुसती वाट दाखव. बोलायचं ते मी बोलते." मुनियप्पाच्या पोराच्या टांग्यातून गेलो. कल्लुकुटिग नागराज झाडाखाली बसलेला, पुढं तुझा दगड, आडवा. पाणी घालून दुसऱ्या दगडानं घासत होता. गोल गोल. पांढरं पाणी मातीत चाललं होतं.

"निल्सी!" मी टांग्यातूनच ओरडले. "थांबव!"

बिचारा दचकला. एक कोपरा गेलाच होता. आरशासारखा गुळगुळीत. तुझ्या रेघा दगडभर येत होत्या आणि त्या कोपऱ्याशी येऊन एकदम नाहीशा होत होत्या. अंबू, तुझा देह नेला तेव्हा मी रडले ते सगळ्यांसारखं. त्या कोपऱ्याला हात लावला तेव्हा मात्र मला उठवेना. कमलेनं धरलं.

नागराज म्हणाला, "अम्मा, मला धुण्याचा दगड वाटला. नाव लिहायचं म्हणाले." त्याचं काय चुकलं? मी म्हणाले, "नाव लिहिलेलंच आहे. तू पुसत होतास." दगड टांग्यात घातला, घरी आणला. टांगेवाला म्हणाला, "अज्जी, घोडा वाकेल." म्हटलं, "वाकू दे. माणसं वाकत नाहीत, घोडा तरी वाकू दे."

संध्याकाळी रावबहादूर घरी आले. त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली. रीत ती रीत. ते म्हणाले, "अम्मा, हे बरं नाही. लोकांनी वर्गणी दिली आहे. शाळेच्या भिंतीत ओरखड्यांचा दगड कसा लावायचा? लोक म्हणतील, बाईंचा मान ठेवला नाही."

"मान?" मी म्हणाले. "ती जिवंत असताना बर्फ दाराबाहेर काढलात. आता ती नाही तर तिचे ओरखडे घासून काढता. मग उरलं काय? नाव. नाव तर गल्लीगल्लीत अंबाबाई आहेत, त्यातली ही कुठली ते कसं कळणार?"

"मी तेव्हा कमिटीत नव्हतो," ते म्हणाले.

"आता आहात ना? मग आता बघा. एकदा डोळ्यांनी बघा, मग काय कोरायचं ते कोरा."

ते कपातलं संपवून उठले. दारात थांबून म्हणाले, "तुम्ही अंबाबाईंच्या नणंद ना?"

"मी भावजय. नणंद ती."

"मला उलटं वाटलं," ते म्हणाले. बघ, भांडखोर नणंदेची तुझी बदनामी माझ्या नावावर.

काल झालं. दगड परत होंगेच्या झाडाखाली, विटेवर टेकवून. हुसेनसाब गेले, आता त्यांचा जावई दुकान बघतो, पण बर्फ म्हटल्यावर त्यानं विचारलं, "दगडासाठी?" पत्र्याचा डबा माझ्याकडंच होता, आणि तळाशी तुझी तलकाडची वाळू, फडक्यात बांधलेली, अजून खरखरीत. मीठ मी घातलं. किती घालायचं ते मला तुझ्याहून चांगलं माहीत आहे, माझंच संपायचं.

पोरी रांगेत. तुला न बघितलेल्या पोरी, कमलेच्या वर्गातल्या. टांगे थांबले. रावबहादूर काठी टेकून उभे. पहिला नुसता बर्फ ओढला: दगड ओला. रावबहादूर माझ्याकडं बघायला लागले. मग वाळूचा. खर्रर्र. माझे दात शिवशिवले, तसेच. एकेक पोर ओढत गेली, तुझ्या जुन्या रेघांवरून, आणि त्या घासलेल्या कोपऱ्यावरून खाली. खालून पांढरं पाणी निघालं आणि रावबहादूरांच्या वहाणेपाशी आलं. ते वाकले. एवढा मोठा माणूस, पगडी सावरत वाकला, पाण्यात बोट घातलं आणि चोळून बघितलं. "अय्यो," एवढंच म्हणाले. मग कमलेला म्हणाले, "भिंतीत नको. इथंच असू दे." नाव कोरायची गोष्ट तिथंच राहिली.

मग मला वाटलं, मीही ओढावा. इतकी वर्षं डबा दिला, मीठ दिलं, टोमणे दिले, हात कधी लावला नव्हता. गोणपाट धरलं. बर्फ एवढासाच उरला होता. कोपऱ्यावर ठेवला, जोर दिला. आणि काय झालं, डोळ्यांत पाणी आलं होतं, समोर दिसेना, आणि हाताला जन्माची सवय. हात गोल फिरला.

मागून एक चिमुरडी किंचाळली, "अज्जी! पात्रे उज्जतिद्दीरा? नेर! नेर!"

मी वळून बघितलं. सहा सात वर्षांची असेल, दोन वेण्या, ओळखीची नाही. सगळा रस्ता हसत होता. तिला कुणी शिकवलं, कमलेनं का तिच्या आईनं का आणखी कुणी, तिलाही ठाऊक नव्हतं. तिला फक्त माझा हात चुकलेला दिसत होता, आणि तिला राग आला होता. अगदी तुझ्यासारखा.

मी डोळे पुसले नाहीत. बर्फ उचलला, पुन्हा वर ठेवला आणि सरळ खाली ओढला.